कारखान्यातला महिनाभराचा पाहुणा

तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून गेले, की इंटर्नशिपच्या अहवालांचा गठ्ठा समोर येतो आणि त्यातला साचा आता इतका ठरून गेला आहे, की पान न उलटताही पुढचे सांगता यावे. आधी प्रमाणपत्र, मग आभार, मग कंपनीचा इतिहास, संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली उत्पादनांची छायाचित्रे आणि शेवटी संघभावना व वेळेचे नियोजन शिकायला मिळाल्याचा निष्कर्ष. यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या अशाच एका तुकडीतील प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारीत गेलो होतो : तुम्ही तिथे असताना काय बिघडले? बहुतेकांना प्रश्नाचा रोखच कळला नाही. काहींनी घाईघाईने ‘काही नाही, सर’ असे सांगून टाकले, जणू कंपनीची अब्रू राखण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती.

एकाच मुलाने उत्तर दिले. तो कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, होता. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून केलेल्या भागात, ब्लोहोल (वायू अडकून राहिलेली भोके) जास्त सापडत आणि रिजेक्शन, म्हणजे सदोष ठरून बाद होणारा माल, वाढे, हे त्याने नोंदवहीवरून पाहिले होते. त्याचे कारण शोधायला त्याला पुढे दोन आठवडे लागले. ओतण्याचे साचे ओलसर वाळूचे असतात आणि रोजच्या कामात साच्यातून परत येणारी वाळू गरम असते. मिक्सरमध्ये टाकलेल्या पाण्यातले बरेचसे वाफ होऊन निघून जाते आणि तेवढे धरूनच कामगार पाणी सोडत असतो. सुट्टीत वाळू थंड होते. त्या सकाळी पाणी मात्र नेहमीच्याच अंदाजाने पडते, ओलावा तीन-चार टक्क्यांच्या पुढे जातो आणि ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन ती कास्टिंगमध्ये अडकते. हे सांगताना त्या मुलाने पुस्तकातली एकही व्याख्या म्हणून दाखवली नाही. फक्त मुठीत वाळू दाबून ती मोडून कशी पाहतात, ते हाताने करून दाखवले. त्याच्या अहवालात ही हकिगत जेमतेम चार ओळींत होती, कारण महाविद्यालयाने दिलेल्या नमुन्यात तिला रकानाच नव्हता.

इतर मुले त्याच्यापेक्षा कमी हुशार होती, असे मला वाटत नाही; त्यांतल्या काहींचे गुण त्याच्याहून चांगले होते. फरक एवढाच, की ती चार आठवडे कारखान्यात होती आणि हा, मामा तिथे नोकरीला असल्यामुळे, अकरा आठवडे होता. पहिला महिना त्याच्याकडूनही कास्टिंग मोजणे आणि आकडे लिहून काढणे एवढेच काम करून घेतले गेले. पाचव्या आठवड्यात तो रोज दिसणारा माणूस झाला, सहाव्यात त्याच्याशी मोल्डर, म्हणजे साचे करणारे कामगार, मोकळेपणाने बोलू लागले आणि त्यानंतर त्याला प्रश्न पडू लागले. चार आठवड्यांवर थांबला असता, तर त्याचाही अहवाल कंपनीच्या इतिहासापासूनच सुरू झाला असता. अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची आपल्याकडची सगळी चर्चा सक्ती, श्रेयांक, सामंजस्य करार आणि पोर्टल यांभोवती फिरते. खरा प्रश्न मुदतीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. विद्यार्थी कारखान्याच्या उपयोगी पडू लागेल इतका काळ तिथे राहत नसेल, तर त्याला शिकवण्याचे कारखान्याला काही कारण उरत नाही.

नियमांत मुदत कागदावर पुरेशी दिसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला अधिकृत स्थान दिले आणि आपल्या धोरणात चार वर्षांच्या पदवीसाठी सहाशे ते सातशे तासांची अपेक्षा मांडली. आठ तासांची पाळी धरली, तर सहाशे तास म्हणजे पूर्ण ७५ दिवस. परंतु हे तास तुकड्यातुकड्यांनी भरता येतात आणि त्यांत संस्थेतल्या संस्थेतच होणारे उपक्रम, नवोपक्रम व उद्योजकतेचे कार्यक्रम यांनाही जागा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपला चार श्रेयांक मिळाले; प्रत्यक्षात दोन सत्रांमधल्या सुट्टीत बसेल तेवढी, म्हणजे चार ते सहा आठवड्यांची, इंटर्नशिप ही सर्वत्र रूढ रीत झाली. आठवड्याला सहा दिवस धरले, तर चार आठवड्यांचे १९२ आणि सहा आठवड्यांचे २८८ तास होतात. उरलेले तास व्याख्याने, कार्यशाळा आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांनी भरून निघतात आणि हिशेब जुळतो. पदविकेच्या बाबतीत राज्य तंत्रशिक्षण मंडळाने अधिक शहाणपण दाखवले, असे म्हणायला हवे. आधीच्या आराखड्यातले सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण नव्या ‘के’ स्कीममध्ये बारा आठवड्यांचे झाले आहे. पदवीचा विद्यार्थी पदविकेच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी काळ कारखान्यात काढतो, ही विसंगती कोणाला खटकलेली दिसत नाही.

कारखान्याच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो, हे पाहिल्याशिवाय महिन्याभराच्या इंटर्नशिपचे अपयश कळणार नाही. नवा मुलगा आला, की गेटपास, सुरक्षेची माहिती, सेफ्टी शूज आणि विभाग ठरवणे यांतच पहिला आठवडा जातो. त्यानंतर त्याला एखाद्या सुपरवायझरच्या हवाली करतात. त्या सुपरवायझरला पाळीचे उत्पादन पुरे करायचे असते, रिजेक्शनचा जाब द्यायचा असतो आणि गैरहजर कामगाराच्या जागी कोणाला तरी उभे करायचे असते. त्याने एका मुलाला रोज तासभर दिला, तर तो तास कुठून तरी कापला जातो. मुलगा पुढे तीन-चार महिने राहणार असेल, तर ही गुंतवणूक फळाला येते. दुसऱ्या महिन्यापासून तो मोजमापे घेतो, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, नोंदवतो, एखाद्या फिक्श्चरचे (काम पक्के धरून ठेवणाऱ्या साधनाचे) रेखाचित्र सुधारून देतो. तो महिनाअखेरीस जाणारच असेल, तर सुपरवायझर त्याच्याशी पाहुण्यासारखा वागतो : चहा देतो, एकदा सगळा विभाग फिरवून आणतो आणि ‘यंत्राला हात लावू नकोस’ म्हणून बजावतो. यात त्याचा काही दोष नाही.

अशा पाहुण्यांची संख्या किती असावी? राज्यात दरवर्षी दीड लाखाच्या आसपास विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घेतात. जवळजवळ सगळ्यांची सुट्टी एकाच सुमारास येते आणि सगळे त्याच काही आठवड्यांत पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या दारात उभे राहतात. प्रत्येकाला खरे काम देण्याइतक्या जागा तिथे नाहीत, हे महाविद्यालयांना, विद्यापीठांना आणि कंपन्यांना ठाऊक आहे. तरीही श्रेयांक सक्तीचे आहेत. जिथे गरज सक्तीची आणि पुरवठा तोकडा असतो, तिथे कागदाचा बाजार उभा राहतोच. विद्यार्थ्याला विद्यावेतन देण्याऐवजी त्याच्याकडूनच शुल्क घेऊन ‘इंटर्नशिप’ देणाऱ्या संस्था निघाल्या. चार ध्वनिचित्रफिती पाहून आणि एक प्रश्नावली सोडवून घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रे आली. ओळखीच्या वर्कशॉपमधून शिक्का मारून आणणे तर जुनेच आहे. महाविद्यालयातला प्लेसमेंट अधिकारी हे सर्व जाणतो, पण मूल्यांकन समितीपुढे त्याला शंभर टक्के विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे ठेवायची असतात, म्हणून तो शिक्का पाहतो आणि फाइल मिटतो.

या व्यवस्थेत खरे नुकसान कोणाचे होते, हे बोलायला हवे. ज्याचा मामा किंवा काका कारखान्यात आहे, त्याला जागा मिळते. शिरोलीच्या मुलाचे यशही काही अंशी मामाचेच होते. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातल्या मुलाला चाकणला यायचे, तर कॉट बेसिसवर का होईना खोली घ्यावी लागते, मेस लावावी लागते, कंपनीची बस मिळेलच असे नाही आणि विद्यावेतन बहुतेक ठिकाणी शून्य असते. महिन्याचा हा खर्च ज्या घराला झेपत नाही, त्या घरातला मुलगा गावाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातून कागद आणतो. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. ‘मुलींसाठी सोय नाही’ हे वाक्य मी मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यांकडून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात खेदही उरलेला नाही. मग शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांपाशी, जायला निघालेली मुलगी कार्यालयात बसून एक्सेलचे तक्ते भरते आणि तिच्या अहवालावर ‘उत्पादन विभाग’ असे छापले जाते. फुकटची इंटर्नशिप सगळ्यांना सारखीच फुकट नसते.

संगणक शाखेची मुले या तक्रारीतून बरीचशी सुटली आहेत. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या शेवटच्या सत्रात मुलांना पाच-सहा महिन्यांसाठी घेतात, पैसे देतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे नोकरीवर ठेवतात. कंपनीच्या दृष्टीने ही लांबलेली मुलाखतच असते, म्हणून ती मनापासून घेतली जाते. तिथे कोणाला सक्ती करावी लागली नाही. पुरेशी मुदत मिळाल्यावर दोन्ही बाजूंना अर्थ सापडला. यंत्र, विद्युत, स्थापत्य, उत्पादन या शाखांना बाजाराने हे आपणहून दिलेले नाही. तिथे ते धोरणाने घडवावे लागेल.

यात नवे असे काही नाही. पुणे विद्यापीठात यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीचे ‘सँडविच’ अभ्यासक्रम चालत असत आणि उद्योगातील जुन्या मंडळींना ‘प्रॉडक्शन सँडविच’ची मुले चांगली आठवतात. दोन शैक्षणिक सत्रांच्या मध्ये एक अख्खे सत्र कारखान्यात काढायचे, असा तो साधा हिशेब होता. पुढे विद्यार्थ्यांचा ओढा बदलला, नावातल्या ‘सँडविच’ शब्दामुळे पदवी दुय्यम आहे की काय, अशी शंका पालकांना येऊ लागली आणि ते अभ्यासक्रम मागे पडत गेले. पिलानीच्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवली आहे. दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने आणि पुढे सुमारे साडेपाच महिने, अशी तिची रचना असून संस्थेच्या गोव्यातल्या आवारातही तीच पद्धत आहे. त्या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांबरोबर संस्थेचा अध्यापकही त्या कामावर जबाबदार म्हणून नेमलेला असतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने तर १९५७ मध्ये आपल्या स्थापनेबरोबरच अभियांत्रिकीचे शिक्षण आणि सलग काही महिन्यांचे पगारी काम यांची आळीपाळी सुरू केली आणि आजवर मोडली नाही. या ठिकाणी कोणीही एका महिन्यावर समाधान मानलेले नाही.

कायद्यातही जागा आहे. आपण ती वापरत नाही, एवढेच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजे रोजच्या भाषेत अप्रेंटिसचा कायदा, १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीच्या पदवीधर आणि पदविकाधारकांनाही लागू झाला. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात; चारशे माणसांच्या कारखान्यात हा आकडा किमान दहा आणि कमाल साठ होतो. त्याच दुरुस्तीतल्या विद्यावेतनाच्या तक्त्यात पदवीधरासाठी नऊ हजार रुपये होते आणि त्याच्या आधीच्या ओळीत पदविकाधारकाबरोबर पदवी संस्थेतील सँडविच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यासाठी आठ हजार रुपये होते. म्हणजे शिकत असताना सत्रभर कारखान्यात जाणारा विद्यार्थी कायद्याला अनोळखी नाही. या कायद्याखाली करार नोंदवला गेला, की प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास कलम १६ प्रमाणे भरपाईची जबाबदारी मालकावर येते. आजच्या ‘इंटर्न’ला असे कोणतेही नाव कायद्याने दिलेले नाही. तो कामगार नाही आणि शिकाऊ उमेदवारही नाही. त्याचे बोट प्रेसमध्ये सापडले, तर महाविद्यालयाने काढलेला गटविमा असला तर असला, नाही तर कंपनी ‘तो आमचा माणूस नव्हता’ असे म्हणून मोकळी. यंत्राला हात लावू न देण्यामागे सुपरवायझरची हीच धास्ती असते आणि ती रास्त आहे.

पदवीधर आणि पदविकाधारक शिकाऊ उमेदवारांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मुंबईतले शिकाऊ प्रशिक्षण मंडळ ते काम पाहते. अलीकडे राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, केंद्राने २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची घोषणा केली. दोन्ही योजनांचा हेतू चांगला आहे, पण दोन्हींतून पूर्णवेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी वगळलेला आहे. पदवी हातात पडल्यावर, बेरोजगार झाल्यावर त्याला प्रशिक्षण देऊ, असा त्यांचा अर्थ होतो. त्यांतला काही पैसा सहाव्या सत्रातल्या विद्यार्थ्याच्या खोलीभाड्याकडे वळवला असता, तर पुढे बेरोजगारांसाठीच्या योजनेत इतकी गर्दी झाली नसती, असे मला वाटते.

मी सहावे सत्र म्हणतो, ते विचारपूर्वक. आठवे सत्र कारखान्यात घालवण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे; लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आराखड्यातही शेवटचे सत्र उद्योगात काढता येते. ते सोयीचे आहे, कारण त्या सत्रात वर्ग रिकामेच असतात. परंतु आठव्या सत्रानंतर मुलगा परत येत नाही. वाळूच्या ओलाव्याचा प्रश्न घेऊन तो धातुशास्त्राच्या प्राध्यापकांसमोर बसला पाहिजे, त्यांनाही क्षणभर अडचणीत टाकले पाहिजे आणि उष्णता-संक्रमणाचे समीकरण त्याला या वेळी स्वतःच्या गरजेपोटी सोडवावे लागले पाहिजे. परत येऊन शिकायला वर्षभर उरलेले असेल, तरच कारखान्यातला काळ शिक्षणाचा भाग होतो. नाही तर ती फक्त नोकरीची पहिली पायरी.

अभियंता आणि आयटीआयचा कारागीर यांत फरक आहे, पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रभर शॉपफ्लोअरवर ठेवून त्याचे गणित आणि मूलभूत शास्त्र कच्चे ठेवायचे काय, असा आक्षेप विद्यापीठांतून येतो. फाउंड्रीची हकिगत त्याचे उत्तर देते. कच्चे काय आहे, हे त्या मुलाला तिथेच कळले. दुसरा आक्षेप मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. मुदत वाढवली, की कंपन्या मुलांना स्वस्त मजूर म्हणून वापरतील, असे कामगार संघटना म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्याला अनुभवाचा आधार आहे. तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ या नावाने २०१३ मध्ये आणलेल्या रोजगारक्षमता वाढवण्याच्या योजनेत प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्या तरुणांना अनेक ठिकाणी सरळ उत्पादनाच्या ओळीवर उभे केले गेले, त्यांच्या नावावर कायम जागा भरायच्या टाळल्या गेल्या, अशी तक्रार संघटना सतत करीत राहिल्या. एकाच यंत्रावर चार महिने बटण दाबणारा विद्यार्थी पाहुण्यापेक्षाही वाईट अवस्थेत असतो. पाहुण्याची निदान पाठ तरी दुखत नाही. म्हणून मुदतीबरोबर दोन अटी अपरिहार्य आहेत. करार शिकाऊ उमेदवार कायद्याखालीच व्हावा आणि महाविद्यालयाचा एक अध्यापक त्या औद्योगिक वसाहतीत सत्रभर मुक्कामाला असावा. पंधरा-वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक आठवड्यातून एकदा प्रत्येक कारखान्यात जाईल, कोण कुठल्या कामावर किती दिवस आहे ते पाहील आणि एकाच कामावर महिना उलटला, तर व्यवस्थापकाकडे बोलेल. यात अध्यापकाचाही फायदा आहे. एम.ई. करून थेट वर्गात उभ्या राहिलेल्या कित्येक अध्यापकांनी चालू कारखाना सहलीपुरताच पाहिलेला असतो, आणि तो दोष त्यांचा नसून त्यांना नेमणाऱ्या पद्धतीचा आहे.

लहान कारखान्यांचे काय, हा प्रश्न उरतो. औद्योगिक वसाहतींतले अनेक कारखाने तीस माणसांच्या आतले आहेत. त्यांना सक्ती नाही आणि एकेकट्याने प्रशिक्षणाची योजना आखण्याची त्यांची ऐपतही नाही. पण शिकण्यासारखे बरेच काही तिथेच असते, कारण तिथे मालक स्वतः टूल-सेटिंग करीत असतो आणि बिघाड लपवायला वेगळा विभाग नसतो. गोशिमा, स्मॅक, मसिआ, निमा यांसारख्या उद्योजक संघटनांनी आपापल्या वसाहतीतल्या अशा जागांची यादी ठेवावी, एका विद्यार्थ्याचे सत्र दोन-तीन कारखान्यांत वाटून द्यावे आणि राहण्याची सोय, विशेषतः मुलींची, सामायिक करावी. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत रिकाम्या इमारती आहेत. त्यांतली एखादी वसतिगृहासाठी देणे फार अवघड नसावे.

हे सर्व दीड लाख विद्यार्थ्यांसाठी एकदम होणार नाही, हे उघड आहे. म्हणून सक्ती आधी सैल करावी, असे मी म्हणेन आणि हे म्हणताना उद्योग-शिक्षण समन्वयाच्या व्यासपीठांवर मला फारसे मित्र मिळणार नाहीत, याची कल्पना आहे. जितक्या खऱ्या जागा मोजून मिळतील तितक्याच विद्यार्थ्यांना सत्रभर पाठवावे; त्या गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर वाटाव्यात, मामांवर नव्हे. उरलेल्यांसाठी महाविद्यालयाच्या स्वतःच्या कार्यशाळेत खरे काम आणावे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या नावातच ‘मेकॅनिकल स्कूल’ होते. आज बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यशाळेतले लेथ वर्षातून काही तास फिरतात आणि तेही एकाच मापाचा जॉब पुन्हा पुन्हा करण्यासाठी. शेजारच्या वसाहतीतले किरकोळ सुटे भाग तिथे तयार करून दिले आणि ते नापास होऊन परत आले, तरी विद्यार्थ्याला महिन्याभराच्या पाहुणचारापेक्षा जास्त कळेल.

हे होईपर्यंत एक बदल कोणत्याही परिपत्रकाशिवाय करता येईल. इंटर्नशिपच्या अहवालाच्या नमुन्यातून कंपनीचा इतिहास काढून टाकावा आणि त्या पानावर तारखेनिशी एक तक्ता ठेवावा : कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, काय बिघडले, ते कोणी आणि कसे दुरुस्त केले. तोंडी परीक्षेत त्या तक्त्याबाहेरचे काहीही विचारू नये.